मोकळं मैदान सोपं नसतं: गोल्फच्या जुन्या जागेवर डिस्क गोल्फ

प्रश्न थोडक्यात असा: मुळशीच्या बाजूला वीकेंड-घरांच्या एका प्रकल्पात नऊ होलचं गोल्फचं मैदान होतं. पाण्याचा खर्च झेपेना म्हणून गोल्फ बंद झालं आणि आता तिथे डिस्क गोल्फच्या (चकती कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत घालायचा खेळ) बास्केट उभ्या केल्या आहेत. आम्ही पाच-सहा जण अल्टिमेट (फ्रिस्बीचा सांघिक खेळ) खेळून आलेले. कॉलेजच्या आवारातल्या झाडीत पोर्टेबल बास्केट लावून खेळतो तेव्हा पारच्या, म्हणजे होलला ठरवून दिलेल्या फेकींच्या, आसपास राहतो. इथे एकही झाड आडवं येत नाही, तरी नऊ होलमध्ये नऊ-दहा फेकी जास्त लागतात. होल ९० ते २१० मीटरचे आहेत. एखादा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, घ्यावा का? कोणता?

ड्रायव्हर आत्ता घेऊ नका. बारा वर्षं मी हा खेळ खेळतोय आणि त्यातली बरीचशी अशाच एका जुन्या गोल्फ मैदानावर गेली आहेत. पहिलं वर्ष तुमच्यासारखंच गेलं. समोर हिरवागार उतार, वर मोकळं आभाळ, आणि मनात एकच विचार, की इथे काही अडत नाही तर घाल जोरात. त्या वर्षी मी दोन ड्रायव्हर विकत घेतले. दोन्हींनी माझा स्कोअर वाढवला.

झाडी तुमच्यावर दोन उपकार करत होती. एक म्हणजे वारा अडवत होती. दुसरा उपकार मला उशिरा उमगला: झाडांच्या फांद्या तुम्हाला खालून फेकायला लावत होत्या. दहा-बारा फुटांवर फांदी असली की माणूस आपोआप डिस्क सपाट आणि बेताच्या जोराने सोडतो. शिवाय तिथे चुकलेली डिस्क पंधरा-वीस मीटरवर खोडाला धडकून पडते; चूक तिथल्या तिथे मिटते. मोकळ्यावर चुकीला थांबवणारं कोणी नाही. हातातून सुटताना कोन जरासा बिघडला तरी डिस्क वाऱ्यावर बसून शेजारच्या होलच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) जाते आणि तुम्हाला परत यायला एक अख्खी फेक लागते. तुमच्या नऊ-दहा जास्तीच्या फेकींपैकी निम्म्या अशाच गेल्या असणार. बाकीच्या ग्रीनवर, म्हणजे होलच्या शेवटच्या, बारीक कापलेल्या गवतावर. त्याकडे पुढे येतो.

आधी वारा. तुम्ही अल्टिमेट खेळलात म्हणजे वाऱ्याची ओळख आहे, पण ती डिस्क वेगळी. १७५ ग्रॅमची, सव्वासत्तावीस सेंटिमीटर व्यासाची, गोल काठाची. डिस्क गोल्फची डिस्क जवळपास तेवढ्याच वजनाची असून व्यास जेमतेम एकवीस सेंटिमीटर, आणि काठ तिरका, धारदार. १९८३ साली डेव्ह डुनिपेस यांनी अशा तिरक्या काठाची पहिली डिस्क आणली आणि खेळाचा पल्ला बदलला. पण त्या धारेमुळेच ही डिस्क हवेचा वेग बदलला की वागणूक बदलते.

समजा तुम्ही ताशी ७० किलोमीटर वेगाने फेकलीत आणि समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आहे. डिस्कच्या दृष्टीने हवा तिला ९० च्या वेगाने लागते. म्हणजे ती आपण आहोत त्यापेक्षा वेगवान आहोत अशी वागते: उजव्या हाताच्या बॅकहँडने फेकली असेल तर आधी उजवीकडे जास्त कलते, वर उचलली जाते आणि शेवटचा डावीकडचा उतार येईपर्यंत भलतीकडे पोचलेली असते. मागून वारा असला की उलट. ती जणू सावकाश फेकली आहे अशी वागते, उजवीकडे कलतच नाही, लवकर खाली बसते आणि डावीकडे घसरते. म्हणून पाठीमागून वारा आला की सगळे खूश होतात, पण लांबी हवी असेल तर जास्त तरंगणारी, हलक्या वळणाची डिस्क घेऊन थोडी उंच सोडावी लागते, तेव्हाच तो वारा कामी येतो. उच्चांकाची फेक सगळ्यांना माहीत असते, २०१६ साली डेव्हिड विगिन्स ज्युनियरची ३३८ मीटरची. ती नेव्हाडाच्या वाळवंटात, पाठीवर जोरदार वारा घेऊन फेकलेली होती. शांत हवेत जगातल्या सगळ्यात ताकदवान खेळाडूंनाही तेवढं अंतर स्वप्नातसुद्धा गाठता येत नाही.

आडवा वारा सगळ्यात फसवा. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची: वाऱ्याला डिस्कचं पोट दिसतंय की पाठ. डावी कड खाली ठेवून, म्हणजे हायझरने फेकलीत तर डिस्कचं पोट उजवीकडे उघडं पडतं. वारा उजवीकडून आला तर तो पोटाखाली शिरतो आणि डिस्क उचलून डावीकडे लांबवर नेतो. तोच वारा डावीकडून आला तर पाठीवर बसून तिला खाली दाबतो. डिस्क लवकर पडते, पण पडते तिथेच राहते. मोकळ्या मैदानावर मी बहुतेक वेळा दुसरा पर्याय निवडतो. दहा मीटर कमी गेली तरी चालेल, कुठे पडणार ते आधी कळलं पाहिजे.

या सगळ्याच्या मुळाशी नाक आहे. डिस्कची पुढची कड वर राहिली की समोरचा वारा तिला पतंगासारखी उभी करतो. अल्टिमेटवाल्यांचं नाक हमखास वर असतं, कारण मोठी डिस्क ते खपवून घेते. ही घेत नाही. मी नव्या मुलांना सांगतो: डिस्क म्हणजे ताकाने भरलेलं ताट समजा, आणि हातातून सुटताना ताक पुढच्या काठावरून सांडलं पाहिजे. पोटाकडे सांडलं तर फेक गेली. पंधरा मिनिटं फक्त एवढंच करा, अर्ध्या जोराने, उंची डोक्याच्या थोडी वर. त्या पंधरा मिनिटांत जेवढे मीटर वाढतात तेवढे नवा ड्रायव्हर देत नाही. जास्त वेगाचे ड्रायव्हर नीट उडायलाच मुळात हाताचा वेग खूप लागतो. तो नसेल तर ते काही न करता डावीकडे पडतात, आणि आपण जोर वाढवत बसतो. जोर वाढला की नाक आणखी वर जातं.

मुळशीच्या बाजूला वाऱ्याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. हिवाळ्यात सकाळी साडेसात ते साडेनऊ जवळजवळ काहीच नसतो, ऊन चढलं की सुरू होतो. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून येतो आणि सूर्य मावळेपर्यंत हटत नाही. पावसाळ्यात ताम्हिणीच्या दिशेने जे येतं त्यात शिकायला काही मिळत नाही, फक्त भिजायला होतं. तुम्ही रविवारी दहाच्या पुढे जात असाल तर दोन तास अलीकडे या. स्कोअरमधला फरक पहिल्याच दिवशी दिसेल. (पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. हवा थोडी विरळ असल्याने मुंबईच्या तुलनेत इथे डिस्क किंचित कमी कलते आणि शेवटी किंचित जास्त घसरते. अगदी थोडा फरक आहे, पण बाहेरच्या खेळाडूंचे व्हिडिओ बघून डिस्क निवडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा.)

आता जमीन. गोल्फचं मैदान मोकळं दिसतं, पण ते रिकामं नसतं. तिथला प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खड्डा कोणीतरी विचार करून घातलेला आहे, आणि तो विचार चेंडूचा होता. दोनशे मीटर उडून पडणारा, मग घरंगळणारा चेंडू. तुम्ही पंचाहत्तर-ऐंशी मीटर फेकणारी माणसं. तेव्हा फेअरवेच्या मधोमध असलेला वाळूचा बंकर, ज्याने गोल्फवाल्यांची झोप उडवली असेल, तो तुमच्या वाटेत येतही नाही; आणि ज्या साध्या उताराकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नसेल, नेमका तिथे तुमची दुसरी फेक पडते. म्हणून पहिलं काम म्हणजे डिस्क न घेता एक फेरी चालून यायचं. प्रत्येक होलवर तुमची फेक साधारण जिथे पडणार तिथे उभं राहायचं आणि पायाखाली काय आहे ते बघायचं.

अंतराचा भास हाही मोकळ्या जागेचाच प्रकार. मध्ये झाड, भिंत, माणूस काही नसलं की डोळ्याला माप सापडत नाही. शिवाय गोल्फमध्ये ग्रीनवर उंच निशाण असायचं, आता तिथे छातीएवढी बास्केट आहे. बऱ्याच मैदानांवर फेअरवेच्या कडेला १००, १५०, २०० यार्डांच्या खुणा असतात, खांब किंवा जमिनीत रोवलेल्या चकत्या. त्या बहुधा ग्रीनच्या मध्यापासून मोजलेल्या असतात. तुमच्याकडे शिल्लक असतील तर शोधून काढा: १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर, १५० म्हणजे १३७. नसतील तर पावलं मोजा. डोळ्यावर विसंबू नका.

ग्रीनबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण फेकी तिथे जातात आणि कोणाला पत्ता लागत नाही. तुमच्याकडे बास्केट जुन्या ग्रीनच्या मधोमध लावल्या असतील. सगळे तेच करतात, दिसायला छान दिसतं. पण ग्रीन सपाट नसतं. पाणी साचू नये आणि उंचावरून येणारा चेंडू थांबावा म्हणून ते बहुतेक वेळा मागून पुढे उतरतं केलेलं असतं, आणि बाजूंनी उलट्या ताटलीसारखं गळतं. चेंडूला १०८ मिलिमीटरच्या भोकात जायचं असतं, तो जमिनीवरूनच जातो. तुमची डिस्क हवेतून जाते, बास्केटच्या काठावर आपटते, उभी पडते आणि चाकासारखी पळत सुटते. पाच मीटरवरचा पट (बास्केटमध्ये टाकायची जवळची फेक) चुकून पुढचा वीस मीटरवरून करावा लागतो, तो असा. देखभाल बंद झालेल्या ग्रीनवर उन्हाळ्यात हे आणखी वाढतं, कारण खालची माती वाळून फरशीसारखी होते.

आमच्या मैदानावर एक माळीकाका होते. गोल्फच्या काळापासून तिथे गवत कापायचे, पाणी द्यायचे. मी एका होलवर सलग तीन आठवडे डिस्क उतारावर घालवत होतो, तेव्हा त्यांनी नळी आणून ग्रीनच्या वरच्या कडेला पाणी सोडलं आणि म्हणाले, "हे कुठं जातंय बघा, तुमची थाळी तिकडंच जाणार." पाणी मला वाटलं होतं त्याच्या बरोबर उलट बाजूला वळलं. त्या दिवसापासून नव्या मैदानावर गेलो की मी खेळाडूंआधी माळ्याला शोधतो. तुमच्याकडेही जुना माणूस असेलच. त्याच्याबरोबर नऊ ग्रीन फिरा, चहा पाजा, प्रत्येक ठिकाणी पाणी कुठे जातं ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

मग खेळायचं कसं? बास्केटच्या अलीकडे, खालच्या बाजूला राहायचं. चढावरचा पट चुकला तरी डिस्क मातीत नाक खुपसून थांबते. पलीकडे गेलात तर उतारावर पट आला, आणि पाठीमागून वारा असेल तर तो खाली दाबून पटचा निकाल लावणार. समोरून वारा असताना डिस्क वर उचलली जाते, म्हणून बास्केटच्या खालच्या भागावर नेम धरायचा. मागून असताना वरच्या साखळ्यांवर. दहा मीटरच्या आत पाय स्थिर ठेवून तोल सांभाळावा लागतो, फेकून पुढे झेपावता येत नाही, हे नियमाचंही आहे आणि उतारावर शहाणपणाचंही. मागे खोल घळ असेल तर आठ मीटरवरूनसुद्धा पट न करता बास्केटच्या पायाशी आडवी टाकून ठेवा. मुलांना हे भित्रेपणाचं वाटतं. त्यांनी दोन फेऱ्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून बघावेत.

पटर, म्हणजे पटची डिस्क, मऊ प्लॅस्टिकचा घ्या. मऊ डिस्क जमिनीला चिकटते, कडक डिस्क घसरते. फक्त मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत विसरू नका, वाकडी होऊन बाहेर येते.

व्यवस्थापनात तुमचं कोणी ऐकत असेल तर दोन-तीन बदल सुचवा. एक-दोन बास्केट ग्रीनच्या मध्यावरून उचलून काठापाशी, बंकरच्या तोंडाशी किंवा ग्रीनच्या अलीकडच्या झाडाखाली न्या. दर वेळी तोच उघडा टेकाड कंटाळवाणा होतो, आणि झाड एकच असलं तरी त्याच्याभोवती डिस्क वळवण्यात जी मजा आहे ती शंभर मीटर मोकळ्यावर नाही. दुसरं म्हणजे दोरी. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून यूएस डिस्क गोल्फ चॅम्पियनशिप होते. तिथे मोकळ्या गवतावर पिवळ्या दोऱ्या टाकून हद्द आखलेली असते आणि नुसत्या त्या दोरीने नावाजलेल्यांचे हात थरथरतात. पूर्ण डिस्क दोरीपलीकडे गेली तरच ओबी (हद्दीबाहेर) आणि एका फेकीचा दंड. थोडीशी जरी आत असली तरी वाचली. आपल्याला महागडं काही लागत नाही, मांडवाला वापरतात ती दोरी आणि खुंट्या पुरतात. जुन्या बंकरांत दंड ठेवायचा तर आधी ठरवून फलकावर लिहा, नाहीतर दर रविवारी वाद होतील. माझं मत विचाराल तर वेगळा दंड नको. वाळूत उभं राहून, धाव न घेता फेकावं लागतं, तो पुरेसा आहे.

तिसरा बदल पारचा. फलकांवर अजून गोल्फचे पार असतील तर ते उतरवा. गोल्फचा पार म्हणजे ग्रीनपर्यंतच्या फटक्यांत दोन पट धरून काढलेला आकडा, आणि तो दोनशे मीटर मारणाऱ्यांचा. तुमच्या हाताला ९० ते ११० मीटर पार तीन, १५० ते १८० पार चार. २१० मीटरच्या होलला पार पाच द्यायला लाजू नका. तुमच्या जास्तीच्या फेकींपैकी दोन-तीन निव्वळ चुकीच्या फलकाच्या असू शकतात.

रफबद्दल, म्हणजे कडेच्या न कापलेल्या गवताबद्दल, थोडं, पण हे गंभीरपणे वाचा. गोल्फवाले ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळी. फेअरवेवर ती राहील, पाणी कमी झालं तरी तग धरते. कडेला मात्र दोन पावसाळ्यांत कुसळी गवत आणि गाजरगवत माजतं. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, तेव्हा ते आपल्याला काही नवं नाही, पण त्याने अंगावर खाज आणि पुरळ उठतं, म्हणून पूर्ण पँट घाला. आणि त्या गवतात घोणस असते. मुळशी पट्ट्यात ती सर्रास आहे, पालापाचोळ्यासारखी दिसते आणि पाय पडेपर्यंत हलत नाही. डिस्क शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात, त्यानंतर ती हरवलेली धरून एक फेक दंड. ती तीन मिनिटं काठीने गवत बाजूला सारत शोधा. हात घालू नका. घोट्यापर्यंतचे बूट हवेत. निळ्या-हिरव्या डिस्क घरी ठेवा. गुलाबी किंवा केशरी आणा. मार्च ते ऑगस्ट मोकळ्या खडीवर, अगदी बंकरच्या काठावरही टिटवीची अंडी असतात. ती डोक्यावरून ओरडत फिरायला लागली की समजायचं आणि तेवढा भाग सोडून खेळायचं.

जुन्या स्प्रिंकलरची तोंडं कुठे आहेत तेही पाहून ठेवा. गवत वाढलं की दिसत नाहीत, आणि टीवर (पहिली फेक करायच्या जागी) धाव घेताना पाय मुरगळायला एक पुरतं.

डिस्क घ्यायच्याच असतील तर तीन पुरेत. तो मऊ पटर. एक सरळ जाणारी मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची डिस्क. आणि वाऱ्यासाठी एक हट्टी डिस्क, मिडरेंज किंवा सातच्या आसपास वेगाची फेअरवे डिस्क (मिडरेंजपेक्षा थोडी वेगवान), जी कलायला तयार नसते. डिस्कवर जे चार आकडे छापलेले असतात, वेग, ग्लाइड (तरंगणं), टर्न (सुरुवातीचा कल), फेड (शेवटची घसरण), त्यात तिसरा शून्य आणि चौथा तीनच्या पुढे असेल अशी. ती तुमच्या हातून साठच मीटर जाईल. पण समोरून वारा असताना साठ मीटर सरळ जाणारी डिस्क तुमच्यापैकी कोणाकडेही आत्ता नसणार, याची मला खात्री आहे.

पुढच्या रविवारी स्कोअरकार्ड भरू नका. सकाळी आठला पोचा, सगळ्यात लांब होल निवडा, आणि सगळ्यांनी फक्त पटरने खेळा. २१० मीटर पटरने. पाच-सहा फेकी लागतील, डिस्क खाली राहील, प्रत्येक वेळी जमीन जवळून बघावी लागेल. मग दहा वाजता, वारा सुटल्यावर, तोच होल पुन्हा पटरनेच. दोन्हींमधला फरक लिहून पाठवा, आणि तुमच्या माळीकाकांनी त्या ग्रीनवर पाणी कुठे जातं म्हणून सांगितलं तेही. मग पुढची डिस्क कोणती ते आपण ठरवू.